अलांसोंचे घड्याळजी



धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी एका कारागिराचे चरित्र आपणांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. देवळाच्या इतिहासात धर्मगुरूंची नावे राहतात, आणि ती राहिलीच पाहिजेत. परंतु ज्या सुतारांनी व गवंड्यांनी दिवसभर घाम गाळून सायंकाळी मुलांस जपमाळ शिकविली, त्यांची नावे कोठे लिहिली जातात? अशांपैकीच एकास ख्रिस्तसभेने वेदीचा मान दिला आहे. ते म्हणजे संत लुई मार्टिन, बाळ येशूच्या संत तेरेजाचे वडील.

त्यांचा जन्म फ्रान्स देशी बोर्दो येथे २२ ऑगस्ट १८२३ रोजी झाला. तरुणपणी ते आल्प्स पर्वतातील संत बर्नार्डच्या मठाच्या दारी गेले. परंतु लॅटिन येत नसल्याने त्यांस परतावे लागले. मग पूर्वी आरंभिलेली घड्याळजीची विद्या पुरी करून त्यांनी १८५० साली अलांसों गावी दुकान थाटिले. घड्याळाच्या पोटात काय बिघडले हे गिऱ्हाईकास कळत नाही. कारागीर सांगेल तेच खरे मानावे लागते. म्हणून या धंद्यात हाताच्या कसबाइतकीच सचोटीही लागते. रविवारी खेडोपाडीचे लोक बाजारास येत. स्नेही म्हणत, आज दुकान उघडा, चार पैसे अधिक मिळतील. लुईंनी ते कधी उघडले नाही.

१३ जुलै १८५८ रोजी झेली गेरँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झेलीबाई तेथील प्रसिद्ध जाळीकामात निष्णात होत्या. त्यांचा व्यवसाय वाढला, तेव्हा १८७० साली लुईंनी आपले दुकान भाच्याच्या हवाली केले आणि पत्नीच्या कामात हातभार लाविला. असे करणारे पती आजही किती आढळतील? नऊ अपत्यांपैकी चार बालपणीच निवर्तली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीबाईही कर्करोगाने गेल्या. पदरी पाच मुली, धाकटी अवघी चार वर्षांची. मुलींस मामाचा आधार मिळावा म्हणून चोपन्न वर्षांच्या या गृहस्थाने आपले गाव सोडून लिझ्यू येथे बिऱ्हाड केले. पुढे पाचही मुली मठवासिनी झाल्या. ज्या मठजीवनाने पित्यास परत धाडिले, त्यास त्याने आपल्या लेकी दिल्या.

त्यांची खरी कसोटी शेवटी लागली. स्मृती ढळली, भ्रम होऊ लागला, आणि १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांस काँ शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तेथे तीन वर्षांहून अधिक काळ गेला. मुली मठात गेल्या म्हणूनच बापाची ही दशा झाली, असे लोक बोलले. लेकींनी ते ऐकून घेतले. पण पित्याची लाज धरिली नाही. २९ जुलै १८९४ रोजी त्यांनी देह ठेविला. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांस व झेलीबाईंस एकत्र संतपद दिले. पतिपत्नींस एकाच वेळी हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होय.

बंधुभगिनींनो, ज्यांचे मन थकले आहे, ज्यांस पोटची मुलेही ओळखू येत नाहीत, असे वडील आमच्याही घरांतून आहेत. पाहुणे आले की त्यांस आतल्या खोलीत बसविले जाते. आपल्या महोत्सवाच्या पंक्तीत त्यांचे पान पहिले मांडले जावो, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.