प्रतिकारशक्तीला माप हवं

प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, या समजुतीवर कितीतरी चूर्णं, काढे आणि गोळ्या खपतात. आपल्या पांढऱ्या पेशींचा कारभार मात्र वेगळंच सांगतो. जंतू शिरले की या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडून एकमेकींना इशारे देतात. इंटरल्युकिन-४ हे त्यातलंच एक. त्याच्या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही वापरल्या तर प्रथिन जास्त मिळेल. तरीही १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत अनेक टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, एकच प्रत वापरताना आढळल्या; काही आईची, काही वडिलांची. जनुकाचा डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि तो उलगडणार की नाही, हे प्रत्येक प्रतीपुरतं वेगळं ठरतं. त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो.

योगायोग असेल तर नियंत्रण कसलं, अशी शंका कुणी घेईल. पण योगायोग एकेका पेशीपुरता असतो. पेशीला मिळणारा संकेत तीव्र झाला की प्रत सुरू होण्याची शक्यता वाढते, काही पेशींत दोन्हीही सुरू होतात. हजारो पेशींची बेरीज केली की प्रतिसाद धोक्याच्या प्रमाणात बसतो. इंटरल्युकिन-२ या दुसऱ्या सायटोकाइनच्या बाबतीत तर काही संशोधकांना एकच प्रत चालू दिसली, इतरांना अनेक पेशींत दोन्ही. म्हणजे ‘एकच प्रत’ हा अटळ नियम नाही. महत्त्व आहे ते मापाला.

हे माप ओलांडलं तर काय होतं, हे २००६ मध्ये लंडनमध्ये दिसलं. टी पेशींना थेट चेतवणारं एक नवं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. काही तासांतच सायटोकाइनचा पूर आला आणि सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. सुदैवाने सगळे वाचले.

मग लसही प्रतिकारशक्ती चेतवतेच ना? चेतवते, पण ठरावीक जंतूची ओळख करून देऊन. प्रतिसादाचं माप शरीराच्याच हाती राहतं. म्हणून लसी वेळेवर घ्या, झोप आणि आहार सांभाळा. वारंवार आजारी पडत असाल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण खरी कमतरता नेमकी कशाची हे तपासणीतूनच कळतं. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.