नकाशावरची रेघ आणि वस्तीचे अंगण



नगररचना हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु तज्ज्ञाने नकाशावर ओढलेली रेघ कोणाच्या अंगणातून जाते, हे तेथे राहणाऱ्यालाच भोगावे लागते. अमेरिकेत, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सॅन दिएगो शहरातील बॅरिओ लोगन या वस्तीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून मेक्सिकन श्रमिक कुटुंबे या परिसरात स्थिरावत गेली. मासळी डबाबंद करणारे कारखाने आणि जहाजबांधणी यांनी त्यांना रोजगार दिला. पुढे १९५०च्या दशकात या निवासी भागात उद्योगांना मुभा मिळाली आणि भंगाराच्या वखारी घरांना खेटून उभ्या राहिल्या. १९६३ साली मोठ्या हमरस्त्याने वस्तीचे दोन तुकडे केले. १९६९ साली कोरोनाडो पूल खुला झाला आणि उरलेल्या वस्तीवर त्याचे प्रचंड खांब उभे ठाकले. कित्येक कुटुंबे उठून गेली.

पुलाखालच्या जागेत उद्यान होईल, असे आश्वासन रहिवाशांना मिळाले होते. प्रत्यक्षात २२ एप्रिल १९७० रोजी तेथे बुलडोझर आले, ते महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी! बातमी पसरताच विद्यार्थी, गृहिणी, वृद्ध धावून आले. त्यांनी मानवी साखळी करून यंत्रे रोखली, कुदळ-फावडी घेऊन तेथेच झाडे लावली आणि सुमारे बारा दिवस जागा सोडली नाही. अखेर शासनाला नमते घ्यावे लागले. १९७३पासून त्याच रुक्ष खांबांवर भित्तिचित्रे उमटू लागली. प्राचीन अझ्टेक परंपरा, ग्वादालुपेची माता, क्रांतिवीर झापाटा असा साऱ्या समाजाचा स्मृतिसंचय त्या काँक्रीटवर अवतरला. हेच ते चिकानो पार्क. २०१६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

अशा वस्त्यांकडे पाहण्याची दृष्टी नगररचनाकार जेम्स रोहास यांनी दिली. पूर्व लॉस एंजेलिसवरील १९९१च्या प्रबंधात त्यांनी दाखवले की, घरापुढील कुंपण तेथे केवळ आडोसा नसते. त्याला टेकून शेजारी बोलतात, मुले खेळतात, किरकोळ विक्रीही होते. नियमावलीला जे अव्यवस्थित वाटते, तीच त्या समाजाची व्यवस्था असते.

तथापि उद्यान मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे झाले नाही. घरे आणि कारखाने यांत अंतर राखणारा नवा आराखडा २०१३ साली महापालिकेने संमत केला. जहाजबांधणी उद्योगाने त्यास विरोध केला आणि २०१४ साली शहरव्यापी मतदानात तो रद्द झाला. धूर वस्तीच्या वाट्याला आणि निर्णय मात्र साऱ्या शहराच्या हाती! पुन्हा वाटाघाटी होऊन सुधारित आराखड्याला महापालिकेची संमती मिळण्यास २०२१ साल उजाडले. आता चित्रांच्या कीर्तीमुळे नवे रहिवासी आकृष्ट होतात आणि घरभाडी चढतात. ज्या भाडेकरूने हमरस्ता सोसला, त्याच्यावर आता भाड्यापायी घर सोडण्याची पाळी येते. घर स्वतःचे असेल तर परिसराची उन्नती वरदान ठरते. भाड्याचे असेल तर तीच निरोपाची सूचना ठरते.

म्हणून आराखड्यात उद्यानाइतकेच जुन्या भाडेकरूच्या निवाऱ्याला स्थान हवे. आणि रहिवाशांनीही बुलडोझर येण्याची वाट न पाहता, आराखडा कागदावर असतानाच आपले म्हणणे संघटितपणे मांडले पाहिजे. १९७० साली एका सकाळी जे साधले, ते साधण्याची संधी दर वेळी मिळतेच असे नाही.