शोभेची झोपडी

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या संस्थेने परभाषिक प्रदेशात शंभर वर्षे मराठी ग्रंथांचा दिवा तेवत ठेवला, तिच्या व्यासपीठावरून झोपडीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु मला बोलायचे आहे ते दारिद्र्यातून उभ्या राहणाऱ्या झोपडीविषयी नव्हे. हौसेने, पैसे खर्चून, बागेत उभारल्या जाणाऱ्या झोपडीविषयी. ज्याला राहायला प्रशस्त घर आहे असा माणूस आपल्या हिरवळीवर एक कुटी बांधतो, किंवा सुटीचे चार दिवस अशा कुटीत राहण्यासाठी हॉटेलाइतके भाडे मोजतो. ही हौस नवी नाही. तिला किमान अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मनोरंजक तर आहेच, शिवाय बोधप्रदही आहे.

आरंभ इंग्लंडातील मेंढपाळाच्या झोपडीपासून करू. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट, विल्टशायर, हॅम्पशायर, ससेक्स या परगण्यांत खडूच्या दगडाच्या उघड्या टेकड्या आहेत. तेथील माती हलकी. खताशिवाय पिकत नसे. म्हणून दिवसा मेंढ्या टेकडीवर चारायच्या आणि रात्री कुडाच्या ताट्या लावून त्यांना शेतात कोंडायचे, दुसऱ्या दिवशी ताट्या पुढे सरकवायच्या, अशी तेथील शेतीची रीत होती. आपल्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. पावसाळा सरला की आपल्याकडील धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, शेतकरी धान्य देऊन आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, हा तोच व्यवहार होय. धनगराच्या या फिरत्या तांड्याला ‘वाडा’ म्हणतात. वाडा हा शब्द आपल्याला चिरेबंदी वास्तूची आठवण देतो, आणि धनगराचा वाडा मात्र घोड्याच्या पाठीवरून चालतो, हा भाषेचा विलक्षण योगायोग आहे. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने या समाजाच्या दैवतांचा आणि ओव्यांचा अभ्यास करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली, हे येथील वाचकांना ठाऊक असेलच.

तर, हिवाळ्याच्या अखेरीस मेंढ्या विऊ लागल्या की इंग्रज मेंढपाळाला रात्रंदिवस कळपाजवळ राहावे लागे. त्यासाठी चाकांवरची एक लहानशी खोली घोडे जुंपून शेतात ओढून नेत. बिडाची चाके, वर पन्हळी पत्र्याचे कमानदार छत, आत एक शेगडी, औषधांचे कपाट आणि एक बाक. त्या बाकाखाली आई मेलेली किंवा थंडीने गारठलेली कोकरे ठेवण्याची जागा असे. म्हणजे माणूस वर निजे आणि कोकरू खाली. दार आडवे दुभागलेले असे, म्हणजे खालचा भाग लावून वरून कळपावर नजर ठेवता येई. पन्हळी पत्र्याचे पेटंट १८२९ सालचे. त्यापूर्वीच्या झोपड्या निव्वळ लाकडी असत. टॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीत नायक गेब्रियल ओक झोपडीची झडपे बंद करून झोपी जातो आणि शेगडीच्या धुराने गुदमरून मरता मरता वाचतो. या प्रसंगात त्या निवाऱ्याचे खरे स्वरूप दिसते. तेथे ऊब होती, पण बेसावधपणाला क्षमा नव्हती.

पुढे रासायनिक खते आली. मेंढ्यांच्या लेंड्यांची गरज उरली नाही, शेतात मेंढ्या कोंडण्याची रीत मोडली, आणि झोपड्या शेताच्या कोपऱ्यात गंजत पडल्या. कोणी त्यात कोंबड्या ठेवल्या, कोणी अवजारे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र कारागिरांनी त्या दुरुस्त करण्यास आणि नंतर नव्याच बनविण्यास सुरुवात केली. आज त्या झोपडीत गालिचा, न्हाणीघर, विजेचे दिवे सर्व काही असते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी २०१७ साली आपल्या बागेत अशी एक झोपडी ठेवली आणि तीत बसून आत्मचरित्र लिहिले. तिची किंमत २५,००० पौंड असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. मेंढपाळ गेला, कोकरू गेले; चाके मात्र राहिली. चाकांनाही अर्थ आहे. कायद्याच्या दृष्टीने चाकांवरची वस्तू ही इमारत ठरतेच असे नाही, आणि त्यामुळे बांधकामाच्या परवानगीची कटकट पुष्कळदा टळते.

आता थोडे मागे जाऊ. १७३५ साली इंग्लंडच्या कॅरोलिन राणीने रिचमंड येथील उद्यानात वास्तुविशारद विल्यम केंटकडून ‘मर्लिनची गुहा’ या नावाची एक वास्तू बांधून घेतली. नाव गुहेचे, रूप गवताने शाकारलेल्या कुटीचे. आत मेणाचे पुतळे होते आणि एक छोटेसे ग्रंथालयही होते. त्या ग्रंथालयाचा रक्षक म्हणून राणीने स्टीफन डक या माणसाला नेमले. हा डक विल्टशायरमधला मळणी करणारा शेतमजूर. खळ्यावर धान्य झोडताझोडता त्याने वाचन वाढविले, कविता रचल्या, आणि मळणीच्या कष्टांवरची त्याची दीर्घ कविता १७३० साली प्रसिद्ध झाली. राणीने त्याला वर्षाला ३० पौंडांचे वेतन आणि राहण्यास घर दिले. हा राणीचा औदार्यगुण मान्य केलाच पाहिजे. परंतु शोभेच्या कुटीत शोभेचा शेतकरी-कवी बसविला गेला, हेही तितकेच खरे. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि १७५६ साली पाण्यात बुडून त्याने जीवनाचा अंत केला. त्याच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ग्रंथालयाच्या शताब्दीत या पूर्वसुरी ग्रंथपालाचे स्मरण करणे मला उचित वाटते.

त्या शतकात तर बागेत कुटी बांधून तीत राहण्यासाठी पगारी बैरागी ठेवण्याचीही टूम निघाली होती. सरे परगण्यातील पेन्सहिल येथे चार्ल्स हॅमिल्टन नावाच्या जमीनदाराने अशी अट घातली होती म्हणतात की, बैराग्याने सात वर्षे केस-नखे न कापता, कोणाशी न बोलता राहावे, आणि मुदत पुरी झाल्यावर ७०० गिनी घ्याव्यात. तो बैरागी तीन आठवड्यांतच गावच्या दारूच्या गुत्त्यात सापडला, असा कथेचा शेवट आहे. आपल्याकडे वैराग्याचा बाजार पुष्कळ पाहिला गेला आहे. पण वैरागी नोकरीवर ठेवण्याची कल्पना मात्र आपल्यालाही सुचली नसती.

फ्रान्समध्ये मारी आंत्वानेत राणीने १७८३ पासून व्हर्सायच्या उद्यानात एक लहानसे खेडेच वसविले. रिशार मिक हा तिचा वास्तुविशारद. तळ्याकाठी गवती छपरांची घरे, गिरणी, दूधघर. भिंती जुन्या वाटाव्यात म्हणून त्यांवर रंगाने खोट्या भेगा काढलेल्या. राणी तेथे गवळणीचे सोंग घेई, ही कथा रंगवून सांगितली जाते. वस्तुतः तेथे खरी शेती होती आणि दूध-अंडी राजवाड्यात जात. अन्याय खोट्या गवळणीत नव्हता. खऱ्या खेड्यात भिंतीला पडलेली भेग बुजविण्यास शेतकऱ्याकडे पैसा नव्हता, आणि येथे भेग रंगविण्यास चित्रकाराला पैसा मिळत होता, यात तो होता. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातील बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून आल्या, हे सर्वश्रुत आहे.

याहून बोलके उदाहरण डॉर्सेटमधील मिल्टन ॲबसचे आहे. तेथील जमीनदार लॉर्ड मिल्टन याला आपल्या वाड्यासमोरचे जुने गाव डोळ्यांत सलू लागले. त्याने ते क्रमाक्रमाने पाडले आणि १७८० च्या सुमारास दूर एका दरीत, एकसारख्या गवती छपरांच्या जोडघरांच्या दोन रांगा उभारून नवे गाव वसविले. आज ते गाव चित्रासारखे सुंदर दिसते आणि प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. ते सौंदर्य एका विस्थापनाची पावती आहे, हे छायाचित्रात उमटत नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रिस्टलजवळ जॉन नॅशने १८१०-११ मध्ये ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ घरांची वसाहत रचली. घरे अगदी नटवी. प्रत्येकाचे छप्पर, धुराडे निराळे. पण ती बांधली गेली हारफर्ड नावाच्या धनिकाच्या वृद्ध, निवृत्त सेवकांसाठी. म्हणजे शोभा आणि निवारा यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. प्रश्न इतकाच असतो की, त्या देखण्या छपराखाली अखेर निजते कोण?

आपल्या देशातही झोपडीने मोठा प्रवास केला आहे. बंगालच्या मुसळधार पावसात पाणी झटकन ओघळावे म्हणून तेथील शेतकरी बांबू वाकवून कमानदार छप्पर करतो. विष्णुपूरच्या मंदिरांनी ते छप्पर विटांत उतरविले. शाहजहानाने ते संगमरवरात घडविले. लाहोरच्या किल्ल्यातील नौलखा, दिल्लीच्या दिवाण-ए-आममधील सिंहासनावरील छत्र, आग्र्याच्या खासमहालाशेजारची सोनेरी छपरे ही सारी त्या गवती झोपडीची वंशावळ. आणि ‘बंगला’ हा शब्दही तेथलाच. बंगाली धर्तीचे बसके घर ते बंगला. कंपनी सरकारच्या साहेबांनी तो उचलला, आणि आपल्या मराठीत बंगला म्हणजे श्रीमंताचे घर होऊन बसले. झोपडीचे नाव श्रीमंताला गेले. झोपडीवाल्याला ‘झोपडपट्टी’ हा शब्द मिळाला.

आजची स्थिती काय आहे? इंग्लंडच्या किनारी गावांत सुटीच्या घरांमुळे स्थानिक तरुणांना घर घेणे परवडेनासे झाले. कॉर्नवॉलमधील सेंट आयव्ह्ज गावाने २०१६ साली मतदान घेऊन, नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असा निर्णय केला. बागेतील झोपडीने कोणाचे घर हिरावले जात नाही, उलट अडचणीतल्या शेतकऱ्याला तिच्या भाड्याचा आधार मिळतो, हे मी नाकारीत नाही. पण ज्या गावात पाहुण्याला मेंढपाळाची झोपडी मिळते आणि मेंढपाळाच्या नातवाला खोली मिळत नाही, तेथे काहीतरी उलटे झाले आहे. आपल्याकडे गोव्याच्या पाळोळेसारख्या किनाऱ्यांवर बांबू-माडाच्या कुट्या हंगामापुरत्या उभ्या राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरविल्या जातात. यात निदान निसर्गाची लय पाळली जाते. पण महामार्गालगतच्या विश्रामस्थळांत सिमेंटच्या छतावर गवताची टोपी घालून आत वातानुकूल यंत्र बसविलेली ‘कुटी’ दिसते, तेव्हा व्हर्सायच्या रंगविलेल्या भेगा आठवतात. गवताचे छप्पर मुळात उन्हापासून वाचविण्यासाठी होते. येथे ते केवळ दिसण्यासाठी आहे.

या साऱ्यासमोर सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, उभी राहिलेली कुटी ठेवून पाहावी. माती, बांबू आणि कौले, जी सामग्री गावकऱ्याची तीच गांधीजींची. त्या कुटीतून देशाचे राजकारण चालले. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला आला असता त्या कुटीत बसून राहिला, आणि सामान ठेवण्याची जागा व माणसाचे घर यांतला भेद त्याने तेथून मांडला. बापूकुटी देखणी आहे, पण ती देखावा नाही. कारण तीत राहणाऱ्याने कुटीबरोबर कुटीतले जिणेही पत्करले होते.

माझे म्हणणे असे नाही की बागेत कोणी कुटी बांधूच नये. माणसाला लहान जागेची, शेकोटीच्या उबेची ओढ असते. ती निरोगी आहे. मात्र बांधताना ज्याने हा आकार शोधला त्याची कला, त्याची मजुरी आणि त्याचे नाव यांची आठवण ठेवावी. गवत शाकारणारा कारागीर त्या निमित्ताने टिकला, तर ती हौसही सत्कारणी लागेल.

आणि येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. शाकारणी, झाप, चुडत, कुड, पाल, माच, खोपटे, सारवण ही नुसती शब्दांची यादी नाही. कोणते गवत कोणत्या महिन्यात कापावे, कुडाला माती कशी लिंपावी, किती पावसाळ्यांनी छप्पर बदलावे, याचे शास्त्र त्यांत साठले आहे. शब्द गेले की शास्त्रही जाते, मग उरतो तो फक्त आकार, विकत घेण्याजोगा. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी, गावी, आजोळी हे ज्ञान अजून कोणाच्या स्मरणात असेल, त्यांनी ते ज्या बोलीत ऐकले त्याच बोलीत लिहून घ्यावे आणि या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे. दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या संस्थेला याहून चांगली भेट मला सुचत नाही.