नवी चावी भिंतीतून झिरपते तेव्हा



आपल्यापैकी बऱ्याच जणींनी न्हाणीघर बांधलं. कुणी गटाचं कर्ज काढून, कुणी साठवलेल्या पैशातून. भिंतीत नवी चावी बसवली आणि आठ दिवसांत तिच्याभोवती ओल धरली. विचारलं, की उत्तर मिळतं, "नवी आहे, थोडी गळणारच." पण नवेपणामुळे काही गळत नाही. जोड कच्चा राहिला, की गळतं. आणि तो पक्का करणं आपल्याही हातचं आहे.

आधी चावी कोरड्या फडक्याने पुसा आणि बघत राहा. पाणी तोंडातून ठिबकत असेल, तर बिघाड चावीच्या आत आहे. बहुधा वायसर झिजलाय किंवा कचरा अडकलाय. भिंतीजवळून ओघळत असेल, तर आट्यांचा जोड कच्चा. हे दुखणं जास्त वाईट. थोडं पाणी बाहेर दिसतं, बाकीचं भिंतीत मुरतं आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. यावर बाहेरून सिमेंट थापू नका. पाणी आतून येतच राहतं.

मग करायचं काय? टाकीचा कॉक बंद करा, चावी उघडून पाइप रिकामा होऊ द्या. पान्याने चावी काढा. आट्यांवरची जुनी टेप, सिमेंटचे कण जुन्या ब्रशने घासून काढा आणि आटे कोरडे करा. आटे आपल्याकडे करून चावी धरा. घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने टेफ्लॉन टेप ताणून आठ-दहा वेढे द्या. उलटी गुंडाळली, तर चावी पिळताना ती सुटून येते. आता चावी आधी हाताने बसवा, मग पान्याने आवळा. पाइपाचे आटे प्लॅस्टिकचे असतील, तर बेताने, नाहीतर तडकतील. तोंड खाली आणताना जास्त फिरली, तर मागे फिरवू नका. काढून नवी टेप लावा.

कधी पाइप गिलाव्यात खोल गेलेला असतो आणि चावीचे दोन-तीनच आटे धरतात. तिथे कितीही टेप लावा, गळणारच. हार्डवेअरच्या दुकानात एक्स्टेन्शन निपल मागा. तो मध्ये घातला, की चावी पुरती बसते.

थेंबांचं काय एवढं, असं म्हणू नका. गळतीखाली लिटरचं माप ठेवा. तासात भरलं, तर दिवसाचे 24 लिटर गेले. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय. म्हणजे एका माणसाचं जवळजवळ निम्मं पाणी वाया.

म्हणून दोन गोष्टी ठरवू या. एक, नवी चावी बसवली, की पाणी सोडून, जोडावर कोरडं फडकं फिरवून बघायचं. फडकं कोरडं राहिलं, की मगच मजुरीचे शेवटचे पैसे द्यायचे. दुसरं, गटाच्या पेटीत एक पाना, टेपचं रीळ आणि चार वायसर ठेवायचे. पुढच्या बैठकीत एखादी चावी सगळ्यांसमोर काढून बसवू. प्रत्येकीने एकदा पाना हातात धरायचाच.