सेलचं पत्रक आणि गावची बातमी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी पंधरा दिवसांवर आली की सकाळचा पेपर दोन्ही हातांनी उचलावा लागतो. एका हाताने उचलला तर आतली पत्रकं घरभर होतात. गुलाबी, पिवळी, पोपटी. ‘भव्य सेल’, ‘महासेल’, ‘दिवाळी धमाका’. बऱ्याच घरांत ही पत्रकं कुणी वाचत नाही. त्यांच्यावर भाजी निवडतात, नाहीतर कपाटाच्या फळीवर अंथरतात. मी मात्र ती वाचतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला गावची बातमी जितकी बातमीच्या रकान्यात मिळते, तितकीच ती जाहिरातीत मिळते.

कशी, ते सांगतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ एखाद्या दुकानाच्या पत्रकावर पहिल्यांदाच दिसली, की समजावं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. ‘स्थलांतरानिमित्त सेल’ असं आलं, की रस्ता रुंदीकरणाची रेघ दुकानाच्या ओट्यापर्यंत पोचली. ‘दुकान कायमचे बंद करणे आहे’ हे सलग तिसऱ्या वर्षी छापून आलं, तर दुकान उत्तम चाललंय. पण नेहमी जाहिरात देणाऱ्या एखाद्या जुन्या दुकानाचं पत्रकच आलं नाही, तर तिथे जाऊन चौकशी करावी. बहुधा खरंच काहीतरी बिघडलेलं असतं.

या पत्रकांची भाषाही मोठी मासलेवाईक. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’. यातले ‘५०’ तळहाताएवढे आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढा. कवितेत एका शब्दाने सगळा अर्थ फिरतो असं आम्ही म्हणतो. ती ताकद पाहायची असेल तर या ‘पर्यंत’कडे पाहावं. दुकानातल्या हजार वस्तूंपैकी एका रुमालाच्या डझनावर निम्मी सूट असली, की हा शब्द खरा ठरतो. शेजारी एक चांदणी असते आणि तळाशी त्या चांदणीचा खुलासा : ‘अटी लागू’. कोणत्या अटी, ते लिहायला कागद पुरलेला नसतो.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा आपल्याकडे १९८६ साली आला. २४ डिसेंबरला त्याच्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. त्याखाली २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना निघाल्या. दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत खुलासा हवा आणि तो स्पष्ट वाचता यायला हवा, असं त्यांत म्हटलं आहे. ज्या भावाने माल देऊ म्हणून गिऱ्हाईक बोलावलं, त्या भावाने तो देता येण्याची वाजवी शक्यताही हवी. आमच्या गावातल्या पत्रकांना याचा अजून पत्ता लागलेला दिसत नाही.

पण सेल ही गोष्ट आपल्याकडे तशी नवीच. आपल्या बाजारात पूर्वी घासाघीस होती. शंभर सांगायचे, साठ मागायचे आणि पंचाहत्तरला तुटायचं. जिथे रोज भाव पाडूनच वस्तू घेतली जाते, तिथे रोजच सेल. वेगळा सेल लावायचा, तर आधी भाव एक हवा आणि तो वस्तूवर लिहिलेला हवा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ‘बाँ मार्शे’सारखी मोठी दुकानं मोठी झाली ती याच युक्तीवर. एकाच छपराखाली सगळा माल, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, चिठ्ठीवर लिहिलेलाच भाव. आणि मग वर्षातून ठरावीक दिवशी त्या भावात कपात.

छोट्या गावांत हा ‘एकच भाव’ आणला तो बऱ्याच अंशी सहकारी ग्राहक भांडारांनी. १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं, महागाई आणि साठेबाजी वाढण्याची भीती निर्माण झाली. त्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना सुरू केली. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला वारणा बाजार हे ग्रामीण भागातल्या अशा दुकानाचं नावाजलेलं उदाहरण. आमच्या गावचं भांडार त्यामानाने चिमुकलं. एका खिडकीवर चिठ्ठी, दुसरीवर पैसे, तिसरीवर माल. पण दिवाळीला रवा, मैदा, साखर तिथे बाजारापेक्षा स्वस्त मिळायची आणि रांगेत पाटलीणबाईंच्या मागे आमची अम्मी उभी असायची. भाव दोघींना एकच. घासाघीशीत ज्याचा आवाज मोठा त्याचा फायदा. लिहिलेल्या भावात तसं नसतं, हे मी त्या रांगेत पाहिलं.

दुसरा जुना सेल म्हणजे खादीचा. दोन ऑक्टोबरला गांधीजयंतीपासून खादी भांडारात सूट सुरू व्हायची. शाळेतले गुरुजी वर्षाचे दोन सदरे तेव्हाच घ्यायचे. त्या सेलला ना भोंगा, ना पत्रक. तारीख सगळ्यांना पाठ.

सेल कधी लागतो, याला कारणं असतात. शहरातल्या तयार कपड्यांच्या कंपन्यांचे वर्षाला दोन हंगाम. म्हणून त्यांचे सेल जुलैच्या आसपास आणि डिसेंबर-जानेवारीत. नवा माल ठेवायला मांडणी रिकामी करायची असते. गावच्या कापडवाल्याचं गणित निराळं. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाच्या तिथी नाहीत. शेतकऱ्याचा पैसा पेरणीत अडकलेला. लग्नसराईतले उरलेले तागे पावसाळी हवेत पडून. पेढीवाल्याची उधारी मात्र चढत असते. मग तो ताग्यांचे तुकडे करतो आणि कटपीसचा सेल लावतो. 

माझे अब्बा शिंपी होते. म्हणून कापडाचा सेल मला दुकानाच्या दर्शनी बाजूने नव्हे, मशीनच्या बाजूने ठाऊक आहे. सेलचा तुकडा हटकून वीतभर कमी असायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘बसवा की मियाँभाई, तुमच्या हातात आहे.’ अब्बा ते कापड टेबलावर उलटंसुलटं करून बघायचे आणि बसवायचे. कॉलरची आतली पट्टी दुसऱ्या कापडाची, खिशाचं अस्तर तिसऱ्याच. आमच्या गावातल्या कित्येक सदऱ्यांच्या कॉलरीत त्या काळी शेजाऱ्याच्या सदऱ्याचा तुकडा होता. पुढे तयार कपड्यांचे सेल आले. दोन शर्टांवर एक फुकट. शिलाईच्या पैशात अख्खा शर्ट मिळायला लागल्यावर शिंप्याकडे कोण येणार? मग अब्बांकडे यायचं ते काम उंची कमी करण्याचं, चेन बदलण्याचं. स्वस्ताई ही अशी. एकाच्या घरात येते तेव्हा दुसऱ्याच्या घरातून काहीतरी जातं. म्हणून स्वस्त घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. मुलांना वर्षातून एकदा नवे कपडे घेता येणं ही साधी गोष्ट नाही.

आणि सणांचंही पाहा. चांद्र महिन्यांमुळे रमजान ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. त्या तीन वर्षी गावच्या पत्रकांवर एका कोपऱ्यात पणती आणि दुसऱ्या कोपऱ्यात चांद होता. अब्बांच्या मशीनवर पहाटेपर्यंत दिवाळीचे आणि ईदचे कपडे एकाच ढिगात असायचे. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद आली, तेव्हा काही दुकानांनी पुन्हा तशीच पत्रकं छापली. दुकानदाराला गिऱ्हाईक जोडायचं असतं. त्याच्या या गरजेने गाव बरंच जोडलेलं राहतं.

आता बातमीकडे येतो. बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी आमच्या गावच्या साप्ताहिकात मुद्रितं तपासायला जात असे. चार पानं. पहिल्या पानावर नळाला चार दिवसांनी येणारं पाणी, एस.टी. स्टँडवरचे खड्डे, बाजार समितीतले भाव. आत निधनवार्ता, जाहीर नोटिसा, दहावीतल्या मुलांची नावं. आणि उरलेल्या सगळ्या जागेत जाहिराती. अंक पाच रुपयांना विकून साप्ताहिक चालत नाही, हे मला तिथे कळलं. कापडवाला, भांडीवाला, सराफ आणि मंगल कार्यालयात भरणारे सेल यांच्या पैशावर नळाच्या पाण्याची बातमी छापली जायची. दिवाळीच्या विशेषांकातल्या जाहिरातींवर साप्ताहिक उन्हाळ्यापर्यंत तग धरायचं.

याची किंमतही होती. एकदा बाहेरगावच्या कुणी मंगल कार्यालय आठ दिवस भाड्याने घेऊन घरगुती वस्तूंचा सेल लावला. आमच्या अंकात त्याची अर्धं पान जाहिरात होती. नवव्या दिवशी मिक्सर जळायला लागले, दहाव्या दिवशी बायका कार्यालयावर गेल्या तेव्हा तिथे लग्नाचे आचारी चूल मांडत होते. पावतीवर पत्ता नव्हता. ही बातमी आम्ही छापली, पण दोन आठवड्यांनी, तीन ओळींत आणि ‘नागरिकांनी सावध राहावे’ या मथळ्याखाली. जाहिरात कुठे आली होती, त्याचा उल्लेख संपादकांनी काढून टाकला. जो पैसा बातमीला जगवतो, तो तिचा गळाही धरतो.

असं असूनही त्या साप्ताहिकाची बाजू मी घेतो. ज्या बायका फसल्या त्यांना जाब विचारायला संपादकांच्या घराचं दार होतं, आणि त्यांनी तो विचारला. १८६७ च्या कायद्यापासून आपल्याकडे नियम होता, की छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण हवं, पुढे वर्तमानपत्रावर संपादकाचंही. आता नियतकालिकांसाठी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. कायदे बदलले, तरी पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली ती बारीक ओळ मला फार मोलाची वाटते. या मजकुराला कोण जबाबदार, ते ती सांगते.

मोठ्या साखळीदुकानांचे सेल आले, तेव्हा पहिला धक्का बसला. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने शहरांत ‘सबसे सस्ता दिन’ लावला, तेव्हा इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी दारं बंद करावी लागली. ती साखळीही आता राहिली नाही. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ केला आणि सेल मोबाइलमध्ये शिरला. आता दिवाळीपूर्वी गावात सर्वांत जास्त घाई असते ती पार्सल पोचवणाऱ्या मुलांना. वस्तू स्वस्त मिळते, परतही करता येते. खेड्यातल्या मुलीला हवं ते पुस्तक घरी येतं, हे चांगलंच आहे. पण हा सेल लावणारा दुकानदार आमच्या साप्ताहिकात जाहिरात देत नाही. त्याला आमच्या नळाच्या पाण्याशी देणंघेणं नाही, आणि असावं तरी का? गावातला दुकानदारही आता जाहिरातीचा खर्च परवडत नाही म्हणतो. पानं चाराची दोन होतात, मग अंक पंधरवड्याने निघतो, मग फक्त दिवाळीला.

ती जागा रिकामी राहत नाही. तिथे मोबाइलवरचे निरोप येतात. त्यांत चांगलंही असतं. हरवलेली म्हैस सापडते, रक्तदाता मिळतो. पण सणाच्या तोंडावर आणखीही काही येतं. ‘अमक्या लोकांच्या दुकानातून खरेदी करू नका.’ खाली नाव नाही, छापखाना नाही, तारीख नाही. ‘आलेला निरोप पुढे पाठवला’, एवढंच. अशा निरोपात ‘अमके’ म्हणजे कधी माझेच लोक असतात. एखाद्या दुकानाबद्दल आवई उठली तर पूर्वी साप्ताहिकाचा वार्ताहर सायकलवरून तिथे जायचा, गल्ल्यावरच्या माणसाशी बोलायचा, आणि लिहायचं ते त्यानंतर लिहायचा. दुकान दोनशे पावलांवर असायचं. आज दुकान तितक्याच अंतरावर आहे, पण तिथपर्यंत चालत जाणं हे कुणाचंच काम उरलेलं नाही.

श्रोतेहो, सेलला जरूर जा. ‘पर्यंत’ किती मोठा छापलाय ते पाहा, पावती घ्या, पावतीवर पत्ता आहे का ते बघा. पण त्याबरोबर आपल्या गावात अजून एखादं साप्ताहिक, एखादं छोटं दैनिक निघत असेल, तर त्याची वर्षाची वर्गणी भरा. ती सेलमधल्या एका शर्टापेक्षा फारशी जास्त नसते. त्यात चुका असतील, वाढदिवसाच्या शुभेच्छा बातम्यांपेक्षा जास्त असतील, तर संपादकांना घरी जाऊन सांगा. घर माहीत आहे, हाच त्या पेपरचा मोठा गुण. आणि गावातल्या दुकानदारांना एक विनंती. पत्रक छापाल तेव्हा त्यातला एक तुकडा गावच्या पेपरसाठीही कापून ठेवा. तुमच्या दुकानाविषयी उद्या कुणी खोटं पसरवलं, तर खरं काय ते नावानिशी छापणारा गावात कुणीतरी हवा.