पहिल्या महिन्याची जागल
(आसेगाव येथील मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर आपण इथं जमिनीवरच बोलत आलो. दावे, मोजणी, पंचनामे, तहसीलच्या खेपा. आज बाळंतीण आणि बाळ हा विषय घेतला, तर काही भाऊ म्हणाले, हे काम दवाखान्याचं, संघटनेचं नाही. आम्हाला ते पटत नाही. ज्या लेकरांसाठी जमीन मागतो, ती महिन्याच्या आतच जात असतील, तर पट्टा कोणाच्या हाती देणार?

वर्षाच्या आत जी बाळं दगावतात, त्यातली दोन-तृतीयांशाच्या आसपास पहिल्या २८ दिवसांत दगावतात. आपण म्हणतो, बाहेरची बाधा झाली, नशिबात नव्हतं. पण मोठी कारणं तीनच. बाळ दिवसाआधी किंवा कमी वजनाचं जन्मतं. जन्मल्यावर श्वास घेत नाही. नाहीतर जंतुदोष होतो, न्यूमोनिया होतो. या तिन्हींवर उपाय आहे, आणि त्यातला बराचसा घरातच करता येतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं हे ३९ गावांत करून दाखवलं. १९९५ पासून गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, बाळ उबेत ठेवायला शिकवायच्या. जंतुदोष ओळखून औषध आणि इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. आधी तिथं हजार बाळांमागं ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. तीन वर्षांत हा आकडा २६ च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथं तो ६० च्या घरातच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. तिथं मोठा दवाखाना उभा राहिला नव्हता. सातवी-आठवी शिकलेली गावची बाई उभी राहिली होती.

पुढं सरकारनं हेच काम आशाताईंकडं दिलं. २०११ पासून नियम असा की, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईनं सहा वेळा यायचं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही, म्हणजे सात वेळा. त्याच वर्षीच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषध, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं फुकट आहे. आजारी बाळाचा वर्षभरापर्यंतचा इलाजही आता फुकट. यासाठी कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, लिहून ठेवायचं.

आशाताईशी मात्र भांडू नका. तिला पगार नाही, कामापुरता मोबदला आहे. ती वस्तीवर येत नसेल, तर रस्ता आहे का, तिच्याकडं वजनकाटा आहे का, ते आधी विचारा. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, मग सासरची आशा म्हणते माहेरची बघेल, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. दोन्ही गावांत आधीच सांगून ठेवा.

आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. मेळघाटात बालमृत्यूंचा गाजावाजा झाला, निदान तिकडं लक्ष तरी गेलं. आपला वाशिम जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. आपण आदिवासी खरे, पण विखुरलेले. गावाबाहेर दहा-वीस घरांची वस्ती. आदिवासी क्षेत्रासाठीच्या योजना वेशीवरच थांबतात. म्हणून आपली बाळं मोजली जाणं जास्त गरजेचं आहे. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालानं दाखवलंच की सरकारी कागदावर बालमृत्यू खऱ्यापेक्षा फार कमी दिसतात. जमिनीचा पुरावा आपण कागदोकागदी जपतो. तान्हं बाळ गेलं तर मुकाट्यानं पुरून येतो. नोंद नाही, तर मरण नाही. मरण नाही, तर मागणीही नाही.

आणि जमिनीचा संबंध कसा नाही? स्वतःचं वावर नसलेली बाई आठव्या-नवव्या महिन्यातही दुसऱ्याच्या वावरात निंदण करते, सोयाबीन सोंगते. विसाव्या दिवशी बाळाला बांधावर झोळीत टाकून कामाला लागते. अंगावरचं दूध तुटतं, बाळ वाळतं. तिला कोणी आराम सांगितला तरी चूल कशानं पेटणार? वनहक्क कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. ते नाव नुसतं शोभेचं नाही. बाळंतपणाचे दोन महिने घरी बसण्याचा तो आधार आहे.

उभ्या पिकाला आपण रात्र-रात्र जागल करतो. तशीच जागल पहिल्या महिन्याला करायची. म्हणून संघटना चार ठराव मांडते.

एक. प्रत्येक वस्तीवर दोन बाया नेमायच्या. गरोदर बाया, जन्म आणि मृत्यू, मेलेलं जन्मलेलं बाळसुद्धा, वहीत लिहायचं आणि ग्रामपंचायतीत नोंदवायचं.

दोन. बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीला लावायचं. चीक फेकायचा नाही. मध, गूळपाणी, घुटी नाही. नाळेवर राख-हळद नाही. लगेच आंघोळ नाही. कोरडं पुसून आईच्या अंगाशी धरायचं.

तीन. बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, रडणं क्षीण झालं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास आहेत, श्वास घेताना छाती आत जाते. किंवा बाळंतिणीला जास्त रक्त जातं, झटका येतो, ताप येतो. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. गाडीसाठी १०८ लावायचा.

चार. बाळंतिणीच्या घरचं पाणी, सरपण आणि तिच्या वाट्याचं निंदण दीड महिना वस्तीनं वाटून घ्यायचं. यात गड्यांनीही हात लावायचा.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक वस्तीनं दाव्याच्या फायलीसोबत ही वहीही आणायची आहे. दोन्हींचा हिशेब एकाच बैठकीत होईल.

जिंदाबाद!