‘फिट आहे, एवढं लिहून द्या’



दिवाळीचा हंगाम उरकला, की आपल्या पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार पेढ्यांवरून मालवणच्या गाड्या निघतात. तारकर्लीचा समुद्र, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडक, पाठीवर हवेची टाकी. निघायच्या आदल्या रात्री आपल्या दवाखान्यात मोबाइलवरचा स्कूबाचा फॉर्म पुढे येतो. ‘‘डॉक्टर, फिट आहे, एवढं लिहून द्या.’’

एका मिरचीच्या व्यापाऱ्याला मी दोन मिनिटांत सही दिली होती. त्याला सर्दी होती. मी विचारलं नाही. कानाचा पडदा फाटून तो परत आला. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम दम्याचा पंप असे, आणि तो मी रोज पाहत होतो. पडद्यावर निभावलं, पण ती सही आठवली की आजही धडकी भरते.

पाण्याखाली 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो, ती निघून जाते. दम्याने आवळलेल्या श्वासनलिकांमागे मात्र ती अडकते. फुप्फुस फाटतं आणि बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोचू शकतात. याला दीड मीटर पाणीही पुरतं. त्यामुळे ‘आम्ही खोल जाणारच नाही’ या बोलण्यावर जाऊ नका. दिवसभर मिरचीच्या पोत्यांत वावरणाऱ्याची छाती नुसत्या स्टेथोस्कोपने कळत नाही. स्पायरोमेट्री करा, व्यायामाआधी आणि व्यायामानंतरही.

मधुमेहींना सरसकट ‘नाही’ म्हणायचे दिवस मात्र गेले. 2005 साली अमेरिकेत या विषयातल्या तज्ज्ञांनी बसून नियम ठरवले. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाण्यात उतरण्याआधी 60 मिनिटं, 30 मिनिटं आणि अगदी उतरताना साखर तपासायची. ती किमान 150 हवी आणि घसरणीला लागलेली नको. 300 च्या वर असेल, तर त्या दिवशी उतरायचं नाही. इन्सुलिन सुरू होऊन वर्ष झालेलं नसेल, तर थांबायचं. आपला पेशंट सकाळची गोळी घेऊन, चहावर बोटीत बसतो. पाण्याखाली हात थरथरले, तर थंडीने की साखरेने, हे त्यालाही कळत नाही.

रक्तदाब आटोक्यात नसेल, तर पाण्यात पायांतलं रक्त छातीकडे सरकून फुप्फुसात पाणी भरू शकतं. फिट्स येणाऱ्यांना आणि ज्यांचं फुप्फुस पूर्वी आपोआप फाटलं आहे त्यांना स्पष्ट नकार द्या.

आणखी एक गोष्ट, जी फॉर्मवर नसते. दुपारी पाण्यात उतरून पुणेकर संध्याकाळी आंबोली घाट चढतो. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. स्कूबानंतर एवढ्या उंचीवर जाण्याआधी निदान 12 तास जाऊ द्यावेत, असा दंडक आहे. पाणी उथळ असेल, तर धोका थोडा. तरी रात्र मालवणातच काढा, असं पेशंटला सांगायला आपल्याला एक वाक्य लागतं.

स्कूबाची वैद्यकीय प्रश्नावली 2020 साली सुधारून सोपी झाली आहे. ती छापून आपापल्या टेबलावर ठेवा आणि पेशंटशेजारी बसून भरून घ्या. धोक्याच्या एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर तपासल्याशिवाय, गरज पडल्यास छातीच्या डॉक्टरांकडे पाठवल्याशिवाय सही करू नका, ही माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.